विश्लेषण : नाटक लेखकाचे, प्रयोग आपला, मग परवानगी कुणाची?

गणेशोत्सवाची वर्गणी गोळा व्हायला लागली की अनेक सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक पीडीएफ फिरू लागते. एखाद्या गाजलेल्या नाटकाची संहिता असते. पात्रे वाटली जातात, वेळेत बसत नाहीत म्हणून दोन प्रवेश कापले जातात, कुणीतरी सोसायटीच्या सेक्रेटरीवर एक विनोद घुसवतो आणि महिनाभरात प्रयोग उभा राहतो. या धावपळीत एक फोन हमखास राहतो. तो लेखकाला किंवा लेखक हयात नसेल तर त्याच्या वारसांना करायचा असतो.

‘आम्ही कुठे पैसे कमावतोय?’ हे त्यावरचे नेहमीचे उत्तर. कायद्याच्या भाषेत हे उत्तर काही वेळा चक्क बरोबर असते आणि काही वेळा साफ चूक. कधी बरोबर आणि कधी चूक, हे समजून घ्यायचे तर रंगमंचावरचे हक्क कसे तयार होतात, ते कोण कुणाला देतो आणि करारातल्या एखाद्या शब्दावरून काय घडू शकते, हे पाहायला हवे.

नाटकाचा ‘हक्क’ एकच असतो का?

नाही, आणि बहुतेक गोंधळ इथेच सुरू होतो. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १४ नुसार नाट्यकृतीच्या मालकाकडे हक्कांचा एक जुडगा असतो. प्रती काढणे, लोकांसमोर प्रयोग करणे, भाषांतर करणे, रूपांतर करणे, त्यावर चित्रपट करणे, प्रसारण करणे, हे सगळे वेगवेगळे हक्क आहेत. त्यातला एक विकला म्हणून बाकीचे आपोआप जात नाहीत. नाटकाचे पुस्तक दुकानातून विकत घेतले म्हणजे ते वाचण्याची सोय झाली. प्रयोगाचा हक्क मिळाला नाही. संगणकावर सॉफ्टवेअर विकत घेताना आपण ‘आय अॅग्री’ दाबतो, तेव्हा सॉफ्टवेअरचे मालक होत नाही, तसेच हे.

वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ रंगमंचावर आले १९७० मध्ये आणि त्यावरचा मराठी चित्रपट आला २०१६ मध्ये. प्रयोगाचा हक्क ज्याच्याकडे असेल त्याला त्या जोरावर चित्रपट काढता येत नाही, तसेच चित्रपटाचा हक्क घेणाऱ्याला नाट्यगृहात प्रयोग लावता येत नाही.

कादंबरीवरून नाटक करायचे असेल तर ‘रूपांतराचा’ हक्क लागतो. साहित्यकृतीचे नाट्यकृतीत रूपांतर करणे कायद्याच्या व्याख्येतच बसते. जयवंत दळवींनी ‘अंधाराच्या पारंब्या’ या स्वतःच्याच कादंबरीवरून ‘बॅरिस्टर’ लिहिले, तेव्हा हा प्रश्न उद्भवला नाही. दुसऱ्याच्या कादंबरीला हात लावणाऱ्याला मात्र तो पहिल्याच दिवशी सोडवावा लागतो. संहिता लिहून झाल्यावर परवानगी मागायला जाणे ही आपल्याकडची जुनी सवय आहे आणि ती महागात पडू शकते. कादंबरीकाराने नकार दिला तर वर्षभराची मेहनत ड्रॉवरमध्ये जाते.

संगीत नाटकात आणखी एक थर येतो. ‘कट्यार काळजात घुसली’सारख्या नाटकात संहिता एकाची, चाली दुसऱ्याच्या. संवादांची परवानगी मिळाली म्हणून पदे गायची परवानगी मिळाली, असे गृहीत धरता येत नाही. ध्वनिमुद्रित ट्रॅक वाजवायचा असेल तर त्या ध्वनिमुद्रणाचा मालक वेगळाच असू शकतो.

शॉ गेले, पुलंही गेले; ‘फुलराणी’ कुणाची?

रूपांतराचा गुंता समजायला ‘ती फुलराणी’इतके चांगले उदाहरण नाही. पु. ल. देशपांडे यांनी जॉर्ज बर्नार्ड शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’वरून ते केले आणि १९७५ मध्ये ते रंगमंचावर आले.

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून ६० वर्षे कॉपीराइट टिकतो. पूर्वी ही मुदत ५० वर्षे होती, १९९२ मध्ये ती वाढली. शॉ यांचे निधन १९५० मध्ये झाले. म्हणजे भारतात ‘पिग्मॅलियन’ २०१० च्या अखेरीस सर्वांसाठी खुले झाले. आज कुणीही मूळ इंग्रजी नाटक घेऊन त्याचे नवे मराठी रूपांतर करू शकतो. कुणाची परवानगी लागत नाही.

पण ‘ती फुलराणी’ खुले झालेले नाही. रूपांतर ही स्वतंत्र कृती असते आणि तिला स्वतःचा कॉपीराइट असतो. मंजुळा, तिची बोली, तिचे ते गाजलेले स्वगत हे पुलंचे आहे. पुलंचे निधन १२ जून २००० रोजी झाले, म्हणजे या संहितेवरचे हक्क २०६० च्या अखेरपर्यंत शाबूत आहेत. त्याच ‘पिग्मॅलियन’वरून अमेरिकेत १९५६ मध्ये ‘माय फेअर लेडी’ ही संगीतिका झाली. तिची गाणी, तिचे प्रसंग यांवर पुन्हा वेगळे हक्क आहेत. तेव्हा नव्या रूपांतरकाराने शॉच्या पानांपासून सुरुवात करावी. पुलंच्या किंवा संगीतिकेच्या पानांपासून केली तर तो वेगळ्याच घरात शिरला, असे समजायचे.

मुदत देशागणिक बदलते, हेही लक्षात ठेवण्यासारखे. ब्रिटनमध्ये ती मृत्यूनंतर ७० वर्षे आहे. त्यामुळे शॉ यांचे जे नाटक २०११ मध्ये पुण्यात विनापरवाना करता आले असते, त्यासाठी लंडनमध्ये २०२० संपेपर्यंत परवानगी लागत होती.

करारातला एक शब्द आणि अमेरिकेतली बंद पडलेली नाटके

हक्क विभागून दिले की काय होऊ शकते, याचा अलीकडचा सर्वात बोलका नमुना अमेरिकेतला आहे. हार्पर ली यांची ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ ही कादंबरी १९६० मध्ये आली. १९६९ मध्ये ली यांनी ‘ड्रॅमॅटिक पब्लिशिंग कंपनी’ या प्रकाशनसंस्थेशी करार करून कादंबरीच्या नाट्यरूपांतराचे हौशी प्रयोगांचे हक्क दिले. क्रिस्तोफर सर्गेल यांनी रूपांतर लिहिले आणि पुढची अनेक दशके ते शाळा, गावातली मंडळे, छोटी नाट्यगृहे यांनी भरपूर केले. ली यांच्या मनरोव्हिल या गावी तर तिथल्याच रहिवाशांच्या संचात ते दरवर्षी होत आले.

ब्रॉडवेसारख्या पहिल्या दर्जाच्या व्यावसायिक निर्मितीचे हक्क ली यांनी स्वतःकडे ठेवले होते. २०१५ मध्ये, म्हणजे निधनाच्या काही महिने आधी, त्यांनी ते निर्माते स्कॉट रुडिन यांना दिले. रुडिन यांनी संहिता लिहायला घेतले आरन सॉर्किन यांना.

पहिला वाद झाला तो या नव्या संहितेवरून. कादंबरीच्या आत्म्यापासून नाटकाने दूर जाऊ नये आणि पात्रे बदलू नयेत, अशा अर्थाची अट करारात होती. सॉर्किन यांचा अॅटिकस फिंच सुरुवातीपासून पूर्ण पुरुष नव्हता. तो नाटकभर बदलत जाणारा माणूस होता. घरकाम करणाऱ्या कॅल्पर्नियाला कादंबरीत आहे त्याहून मोठा आवाज मिळाला होता. ली यांच्या मालमत्तेच्या विश्वस्तांनी मार्च २०१८ मध्ये अलाबामात दावा ठोकला. निर्मात्यांनी न्यूयॉर्कमध्ये उलट दावा केला आणि हवे तर न्यायालयातच नाटकाचा प्रयोग करून दाखवतो, अशी तयारी दाखवली. तो प्रयोग झाला नाही. मे महिन्यात तडजोड झाली आणि डिसेंबर २०१८ मध्ये नाटक शुबर्ट थिएटरमध्ये लागले. तुफान चालले.

‘आत्मा’ हा शब्द करारात लिहिणे सोपे असते. तो कुणी मोजायचा, लेखकाने, वारसांनी की न्यायाधीशांनी, हे तिथे लिहिलेले नसले की असे होते.

दुसरा वाद जास्त बोचरा होता, कारण त्यात भरडले गेले ते तिसरेच लोक. २०१९ च्या सुरुवातीला ब्रॉडवेच्या निर्मात्यांच्या वकिलांनी अमेरिकेतल्या छोट्या नाट्यगृहांना नोटिसा पाठवल्या : तुम्ही सर्गेल यांचे जे जुने रूपांतर करत आहात ते थांबवा. त्यांचा आधार होता तोच १९६९ चा करार. पहिल्या दर्जाची निर्मिती सुरू असताना मोठ्या शहरांच्या आसपास जुन्या रूपांतराचे प्रयोग करता येणार नाहीत, असा त्यांनी त्या कराराचा अर्थ लावला होता. बफेलो, डेटन, सॉल्ट लेक सिटी, मार्बलहेड अशा ठिकाणची मंडळी तालमीत होती. काहींनी तिकिटे विकली होती. त्यांनी प्रकाशनसंस्थेला रीतसर पैसे भरून परवाना घेतलेला होता. चूक त्यांची नव्हतीच. पण ब्रॉडवेच्या वकिलांशी लढायला पैसे कुठून आणणार? प्रयोग रद्द झाले. ब्रिटनमधला एक दौराही गुंडाळावा लागला. टीका वाढल्यावर रुडिन यांनी या नाट्यगृहांना सॉर्किन यांची नवी संहिता वापरू देण्याची तयारी दाखवली, पण तोवर बऱ्याच जणांचा हंगाम हातचा गेला होता.

प्रकाशनसंस्था विश्वस्तांविरुद्ध लवादाकडे गेली. जानेवारी २०२२ मध्ये लवादाने तिच्या बाजूने कौल दिला : पहिल्या दर्जाच्या निर्मिती सोडल्या तर बाकीचे रंगमंचीय हक्क या संस्थेकडेच आहेत. वकिलांच्या शुल्कासह २५ लाख डॉलरहून अधिक रक्कम विश्वस्तांना द्यायला सांगितले गेले. वाद तिथेही थांबला नाही, न्यूयॉर्कच्या न्यायालयात त्याचा पुढचा अंक सुरू झाला. सारे भांडण फिरत होते ते ‘हौशी’ म्हणजे नक्की कोण, या एका शब्दाभोवती आणि तो शब्द लिहिला होता पन्नास वर्षांपूर्वी.

मराठी रंगभूमीशी याचा काय संबंध, असे वाटू शकते. आपल्याकडेही हौशी, प्रायोगिक, व्यावसायिक हे शब्द रोजच्या बोलण्यात सहज वापरले जातात. प्रायोगिक म्हणून सुरू झालेले नाटक चालले की व्यावसायिक होते. राज्य नाट्य स्पर्धेत उतरलेले हौशी नाटक एखादा निर्माता उचलतो. लेखकाने परवानगीचे पत्र दिले होते ते ‘हौशी’ प्रयोगांसाठी. मग व्यावसायिक प्रयोगांचे मानधन कोणत्या दराने? पत्रात दोन ओळीच असतील तर उत्तर सापडत नाही.

भारतात करार कसा हवा?

कायदा इथे बऱ्यापैकी लेखकाच्या बाजूचा आहे, फक्त लेखकांनाच ते फारसे ठाऊक नसते.

हक्क दोन प्रकारे देता येतात. पहिला असाइनमेंट, म्हणजे हक्कच दुसऱ्याच्या नावे करणे. दुसरा लायसन्स, म्हणजे हक्क स्वतःकडे ठेवून वापरायची मुभा देणे. घर विकणे आणि भाड्याने देणे यांत जो फरक, तोच इथे. लेखी असणे दोन्हीत आवश्यक आहे. ‘कर रे, तुझंच नाटक आहे’ असे लेखक कट्ट्यावर म्हणाला, तर त्याने हक्क हस्तांतरित होत नाही.

कलम १९ नुसार करारात कोणती कृती, कोणते हक्क, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि किती मानधन, हे नमूद असायला हवे. ते लिहायचे राहिले तर कायदा स्वतःच रिकाम्या जागा भरतो. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर हक्क फक्त भारतापुरता. आणि हक्क घेणाऱ्याने करारापासून एक वर्षात तो वापरलाच नाही, तर तो संपुष्टात येतो. करारात वेगळे काही लिहिलेले नसेल तर. हीच तत्त्वे कलम ३०-अ मुळे लायसन्सलाही लागू होतात.

एक वर्षाची ही तरतूद नाटककारांसाठी फार कामाची आहे. निर्माता संहिता घेतो, थोडी आगाऊ रक्कम देतो आणि मग ‘नट मिळत नाही’, ‘तारखा मिळत नाहीत’ म्हणत ती संहिता अडकवून ठेवतो. लेखक दुसऱ्या कुणाला देऊ शकत नाही, असे त्याला वाटत राहते. म्हणूनच अनुभवी निर्माते करारात ‘कलम १९(४) लागू होणार नाही’ अशी ओळ घालून ठेवतात. सही करण्याआधी ती ओळ शोधून वाचलेली बरी.

२०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक दार बंद केले. करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यावसायिक वापरातच नव्हते, त्याचा हक्क करारात स्पष्ट उल्लेख नसेल तर गेला असे मानता येत नाही. प्रयोगाच्या चित्रफिती ओटीटीवर आणि यूट्यूबवर जाऊ लागल्यापासून या तरतुदीचे महत्त्व वाढले आहे. नाटकाच्या करारात ‘सर्व हक्क’ एवढेच शब्द दिसले तर लेखकाने थांबून विचारावे : सर्व म्हणजे कोणते?

मानधन बहुधा प्रत्येक प्रयोगामागे ठरते. किती, हे कायदा सांगत नाही. तो सौदा आहे. पण प्रयोग किती झाले हे लेखकाला कळणार कसे, याची सोय करारात हवी. नाट्यगृहाच्या बुकिंगच्या तारखा दर महिन्याला कळवाव्यात, एवढी एक ओळही पुरते.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. महाराष्ट्रात सार्वजनिक प्रयोगासाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते. ते ‘सेन्सॉर’ झाले म्हणजे कॉपीराइटचा प्रश्न मिटला, असे नाही. मंडळ संहितेतला मजकूर पाहते. तिचा मालक कोण, याचा निवाडा ते करत नाही. तसेच कॉपीराइटची नोंदणी केली नाही म्हणून हक्क नाही, असेही नाही. कृती लिहिली गेली की हक्क निर्माण होतो. नोंदणी ऐच्छिक आहे, नाटकासाठी तिचे शुल्क ५०० रुपये आहे आणि वाद झाला तर पुरावा म्हणून ती उपयोगी पडते.

मग गणेशोत्सवातल्या नाटकाचे काय?

कलम ५२ मध्ये काही सवलती आहेत. शिक्षणसंस्थेच्या उपक्रमात विद्यार्थी आणि कर्मचारी यांनी नाटक केले आणि प्रेक्षक म्हणून विद्यार्थी, कर्मचारी, पालक आणि संस्थेशी संबंधित माणसेच असतील, तर तो कॉपीराइटचा भंग नाही. स्नेहसंमेलनाची चिंता मिटली. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत, तिकीट लावलेल्या नाट्यगृहात तीच एकांकिका झाली की ही सवलत सुटते.

दुसरी सवलत हौशी क्लब किंवा संस्थेला आहे : प्रेक्षकांकडून पैसे घेतलेले नसतील, किंवा प्रयोग धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी असेल तर. सोसायटीच्याच लोकांनी, सोसायटीच्याच मैदानावर, फुकट केलेले नाटक यात बसते. पण मंडळाने बाहेरचा व्यावसायिक संच सुपारी देऊन बोलावला असेल, तर करणारे हौशी उरले नाहीत. देणगी प्रवेशिका हे तिकीटच आहे का, वर्गणीदारांनाच पुढच्या खुर्च्या असतील तर प्रेक्षक ‘फुकट’ आला असे म्हणायचे का, हे प्रश्न उरतात आणि त्यांची उत्तरे प्रसंगानुसार बदलतील. शंका असेल तिथे परवानगी मागणे स्वस्त पडते. बरेच नाटककार हौशी मंडळींना नाममात्र मानधनात परवानगी देतात, त्यांना राग येतो तो न विचारल्याचा.

या सवलतींची कसोटी सर्वोच्च न्यायालयात लागली ती शेजारच्या कर्नाटकातल्या प्रकरणात. ज्ञानपीठ विजेते कन्नड लेखक शिवराम कारंत यांनी पारंपरिक यक्षगानातून ‘यक्षरंग’ हा नवा नृत्यनाट्यप्रकार घडवला आणि त्यासाठी सात प्रसंग रचले. मणिपालच्या ‘अॅकॅडमी ऑफ जनरल एज्युकेशन’ या संस्थेशी ते संचालक म्हणून जोडलेले होते. १९९४ मध्ये त्यांनी मृत्युपत्र केले आणि १९९७ मध्ये त्यांचे निधन झाले. २००१ मध्ये संस्थेने दिल्लीत ‘अभिमन्यू वध’चा प्रयोग केला, तोही मृत्युपत्रानुसार हक्क मिळालेल्या वारस महिलेला न विचारता. प्रकरण न्यायालयात गेले.

प्रश्न मोठे मजेदार होते. यक्षगान ही तर शतकानुशतकांची लोककला, तिच्यावर कुणाचा हक्क कसा? आणि मृत्युपत्रात ‘साहित्याचे’ हक्क दिले असतील तर त्यात नृत्यनाट्य येते का? २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. साहित्यकृती आणि नाट्यकृती या कायद्याने वेगळ्या आहेत, हे न्यायालयाने मान्य केले. पण मृत्युपत्रात स्वतंत्रपणे नमूद न केलेली उरलेली मालमत्ताही त्याच वारस महिलेकडे जात असल्याने हक्क तिचाच ठरला. संस्थेवरची मनाई कायम राहिली, मात्र तिला एक खिडकी उघडून दिली गेली : कलम ५२ मधल्या सवलतींच्या चौकटीत, म्हणजे शैक्षणिक उपक्रम म्हणून किंवा पैसे न घेता हौशी प्रयोग म्हणून, ती प्रयोग करू शकते.

नाटककारांच्या घरी या निकालाचे कात्रण ठेवायला हरकत नाही. मृत्युपत्रात फ्लॅट, मुदत ठेवी, सोने असते. संहितांचा उल्लेख असतोच असे नाही. मग तीन भावंडांपैकी परवानगीच्या पत्रावर सही कुणाची, यावर नाटक अडते.

कल्पना ढापली तर?

इथे नाटककाराची बाजू लंगडी आहे. आर. जी. आनंद हे पेशाने वास्तुविशारद, हौसेने नाटककार. त्यांचे ‘हम हिंदुस्तानी’ हे प्रांतवादावरचे नाटक १९५४ मध्ये दिल्लीत झाले आणि गाजले. जानेवारी १९५५ मध्ये चित्रपट दिग्दर्शक मोहन सेगल त्यांच्याकडे आले, आनंद यांनी त्यांना संपूर्ण नाटक वाचून दाखवले. पुढे काही कळले नाही. १९५६ मध्ये सेगल यांचा ‘न्यू दिल्ली’ आला. विषय तोच : पंजाबी आणि मद्रासी कुटुंबे, मुलगा-मुलीचे प्रेम, प्रांतांच्या भिंती.

खालच्या न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत आनंद हरले. १९७८ च्या या निकालाने सांगितले की कल्पना, विषय, ऐतिहासिक किंवा पौराणिक कथा यांवर कुणाचाही कॉपीराइट नसतो. तो असतो मांडणीवर. दोन्ही कृती पाहणाऱ्या सामान्य प्रेक्षकाला ‘ही त्याचीच नक्कल आहे’ असे निःसंशय वाटले पाहिजे. चित्रपटात हुंड्यासारखे विषय होते, मांडणीत पुष्कळ फरक होते, म्हणून दावा फेटाळला गेला. आजही भारतात नक्कलीच्या खटल्यांत हाच निकाल पहिल्यांदा उघडला जातो. निर्मात्यासमोर संहिता तोंडी वाचून दाखवणाऱ्या नवोदितांनी किमान स्वतःला ईमेल करून ठेवावी, किंवा नोंदणी करावी. यामुळे खटला जिंकता येईलच असे नाही, पण तारीख सिद्ध करता येईल.

संवाद बदलले, शेवट बदलला, चालते का?

हक्क विकल्यानंतरही लेखकाकडे दोन गोष्टी उरतात, असे कलम ५७ सांगते. कृती आपली आहे असे म्हणण्याचा हक्क, आणि आपल्या प्रतिष्ठेला बाधा येईल अशी तिची मोडतोड रोखण्याचा हक्क. लेखकाच्या पश्चात त्याचे कायदेशीर प्रतिनिधीही ते बजावू शकतात. मन्नू भंडारी यांच्या ‘आपका बंटी’ या कादंबरीवरच्या चित्रपटाच्या वादात १९८६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने याच कलमाचा आधार घेतला. माध्यम बदलले की काही बदल अपरिहार्य असतात, पण मूळ कृती विद्रूप होईल इतके नाही, अशी ती भूमिका होती.

म्हणून चांगल्या करारात ‘बदल लेखकाच्या लेखी संमतीने’ अशी अट असते आणि दिग्दर्शकाला तालमीत किरकोळ कापाकापीची मुभाही असते. दोन्ही हव्यात. तालमीत एकही ओळ न बदललेले नाटक शोधून सापडणार नाही.

प्रयोग मोबाइलवर शूट करून टाकला तर?

फुकट हौशी प्रयोगाला मिळणारी सवलत प्रयोगापुरती आहे. त्याचे चित्रीकरण करून यूट्यूबवर चढवणे ही वेगळी कृती आहे आणि तिला ही ढाल नाही. शिवाय नटांचेही स्वतंत्र हक्क आहेत. कलम ३८ नुसार कलाकाराला त्याच्या सादरीकरणावर ५० वर्षे हक्क मिळतो, तेव्हा त्याच्या संमतीशिवाय केलेले चित्रीकरण त्यालाही आक्षेपार्ह ठरवता येते. जाणूनबुजून केलेल्या कॉपीराइटभंगाला कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. प्रत्यक्षात बहुतेक प्रकरणे नोटीस, माफी आणि मानधनावर मिटतात.

परदेशातल्या मंडळांनी आणखी एक खबरदारी घ्यायला हवी. अमेरिकेच्या कायद्यात नफा न कमावणाऱ्या सादरीकरणांना जी सवलत आहे ती कविता, कथा, गाणी यांसारख्या नाट्येतर कृतींना आहे, नाटकाला नाही. पुण्यात सोसायटीने फुकट केलेले नाटक सवलतीत बसेल. न्यू जर्सीच्या महाराष्ट्र मंडळाने तेच नाटक तितकेच फुकट केले तरी परवानगी लागेल. आणि लेखकाच्या पत्रात प्रदेश लिहिलेला नसेल, तर भारतीय कायद्याच्या हिशेबात ते पत्र भारतापुरतेच.

परवानगीशिवाय कोणती मराठी नाटके करता येतील?

किर्लोस्कर, देवल आणि गडकरी यांची नाटके कधीच खुली झाली आहेत. ‘एकच प्याला’ कुणीही करावे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १९४८ मध्ये गेले, त्यांच्या संहितांची मुदत २००८ अखेर संपली. पण ‘मानापमान’च्या चाली गोविंदराव टेंबे यांच्या, ते १९५५ मध्ये गेले, त्यामुळे चालींचा हिशेब २०१५ पर्यंत चालला. आज दोन्ही मोकळे आहे. अर्थात एखाद्या कंपनीने काढलेली ध्वनिमुद्रिका किंवा अलीकडच्या कुणी केलेली संक्षिप्त रंगावृत्ती वापरायची असेल तर त्यांचे हक्क वेगळे तपासावे लागतील.

शिरवाडकरांचे निधन १९९९ चे, त्यामुळे ‘नटसम्राट’ २०५९ च्या अखेरपर्यंत कॉपीराइटखाली आहे. विजय तेंडुलकर २००८ मध्ये गेले, ‘घाशीराम कोतवाल’ आणि ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ यांच्यासाठी २०६८ संपेपर्यंत थांबावे लागेल.

या तिघांत सगळ्यात जवळची तारीख आहे आचार्य अत्र्यांची. १३ जून १९६९ रोजी त्यांचे निधन झाले. ‘तो मी नव्हेच’, ‘साष्टांग नमस्कार’ आणि ‘मोरूची मावशी’ यांच्या संहितांचे हक्क ३१ डिसेंबर २०२९ पर्यंत आहेत. ‘मोरूची मावशी’ ज्या ‘चार्लीज आंट’ या इंग्रजी प्रहसनावरून घेतले, त्याचे लेखक ब्रँडन थॉमस १९१४ मध्येच गेले. तेव्हा मावशी साडी नेसवून पुन्हा उभी करायची घाई असेल, तर मूळ इंग्रजीवरून नवे रूपांतर आजही करता येईल. अत्र्यांच्याच संवादांवर टाळ्या हव्या असतील, तर वारसांची परवानगी घ्यावी किंवा १ जानेवारी २०३० ची वाट पाहावी.